डिशच्या एलएनबीसाठी घरी बांधायचे वीजपुरवठा व नियंत्रण युनिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवरच्या डिशपासून, किंवा गावाकडच्या भाषेत छत्रीपासून, घरात एकच केबल येते. तिच्या वरच्या टोकाला एलएनबी असते, म्हणजे डिशने गोळा केलेला संकेत पकडून कमी वारंवारतेवर आणणारी डबी. त्याच केबलमधून वर वीज जाते, आज्ञा जातात आणि खाली संकेत येतो. हे युनिट बांधताना ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेक या एका गोष्टीतून उद्भवतात. म्हणून पुढची उत्तरे वाचताना ती लक्षात ठेवावी.

सेट-टॉप बॉक्स एलएनबीला वीज देतोच, मग वेगळे युनिट कशाला बांधायचे?

दूरदर्शन फ्री डिश किंवा अन्य डीटीएच सेवा पाहणे एवढाच उद्देश असेल, तर कशालाच नाही. बॉक्स ते काम चोख करतो. मात्र डिशचा संकेत एसडीआरवर, म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओवर घ्यायचा असेल, हौशी रेडिओचा उपग्रह ऐकायचा असेल, सूर्याचा रेडिओ गोंगाट मोजायचा असेल किंवा जुन्या एलएनबी तपासून चांगल्या-वाईट वेगळ्या करायच्या असतील, तर बॉक्स आड येतो. त्याला वाटेल तेव्हा तो पोलरायझेशन, म्हणजे लहरीची उभी किंवा आडवी दिशा, बदलतो आणि स्टँडबायमध्ये गेला की वीजही तोडतो. स्वतःच्या युनिटमध्ये व्होल्टेज, टोन (एलएनबीला पट्टा सांगणारी २२ किलोहर्ट्झची लहर) आणि करंट या तिन्ही गोष्टी आपल्या हातात राहतात.

एलएनबीला नेमके किती व्होल्ट लागतात?

प्रचलित युनिव्हर्सल एलएनबी व्होल्टेजवरून पोलरायझेशन ओळखते. सुमारे १३ व्होल्ट मिळाले तर ती उभे पोलरायझेशन निवडते आणि सुमारे १८ व्होल्ट मिळाले तर आडवे. हा निर्णय साधारण १५ व्होल्टच्या आसपास बदलतो आणि प्रत्येक नगाचा उंबरठा थोडा वेगळा असतो. म्हणून खालची पातळी १४ च्या वर जाऊ देऊ नये आणि वरची पातळी एलएनबीच्या टोकाशी १६ च्या खाली येऊ देऊ नये. यापेक्षा जास्त अचूकतेची गरज नाही. डिजिटल मीटरवर १३.०० दिसेपर्यंत प्रीसेट (छोटा बदलता रेझिस्टर) फिरवत बसणारे लोक मी पाहिले आहेत, पण ती मेहनत केबलकडे वळवली तर अधिक फळ मिळते.

करंट एलएनबीगणिक बदलतो. एका आउटपुटच्या साध्या एलएनबीला ८० ते २०० मिलिअँपिअर पुरतात. डिश फिरवणारी मोटर लावायची असेल तर मात्र ५०० मिलिअँपिअरची तयारी ठेवावी.

दोन व्होल्टेज देणारे सर्वांत सोपे सर्किट कोणते?

एलएम ३१७ हा रेग्युलेटर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो आणि या कामाला पुरेसा आहे. त्याच्या आउटपुट आणि अॅडजस्ट या पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर लावावा. अॅडजस्ट पायापासून ग्राउंडपर्यंत ३.३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर लावावा. एवढ्यावर सुमारे १८.६ व्होल्ट मिळतात. आता अॅडजस्ट पायालाच ८.२ किलोओहमचे एक टोक जोडून त्याचे दुसरे टोक बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला न्यावे आणि एमिटर ग्राउंडला जोडावा. ट्रान्झिस्टर चालू झाला की ३.३ आणि ८.२ समांतर येऊन सुमारे २.३५ किलोओहम होतात व आउटपुट १३.६ व्होल्टवर उतरते. ट्रान्झिस्टरचा बेस ४.७ किलोओहममधून साध्या स्विचला किंवा मायक्रोकंट्रोलरच्या पायाला जोडता येतो.

एक खोड लक्षात घ्यावी. ट्रान्झिस्टर बंद असेल तेव्हा आउटपुट १८ व्होल्टवर असते, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर सुरू होण्याआधीच्या क्षणी किंवा तो अडकून पडल्यावर एलएनबीला १८ मिळतात. त्याने एलएनबी बिघडत नाही. तरीही मी बेसला पुरवठ्याकडून एक पुल-अप रेझिस्टर (एरवी ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा) देतो, म्हणजे काही गडबड झाली तर युनिट खालच्या पातळीवर थांबते.

रेग्युलेटरच्या आउटपुटकडून इनपुटकडे १एन ४००७ हा डायोड उलटा लावायला विसरू नये. मुख्य पुरवठा आधी बंद झाला आणि आउटपुटकडे चार्ज शिल्लक राहिला, तर रेग्युलेटर याच डायोडमुळे वाचतो.

पुरवठ्यासाठी ट्रान्सफॉर्मर चांगला की तयार अॅडॉप्टर?

शहरात दोन्ही चालतात, गावात मात्र निवड विचारपूर्वक करावी. १८ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि २२०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावला, तर २३० व्होल्टवर सुमारे २४ व्होल्ट डीसी मिळतात. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले आणि घरातला दाब १८० वर उतरला, की हेच गणित साडेअठरा व्होल्टवर येते. रेग्युलेटरला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट हवे असतात. मग १८ च्या जागी सोळा-साडेसोळा मिळतात, त्यावर १०० हर्ट्झची घरघरही चढलेली असते. केबलमधली घट वजा केल्यावर एलएनबीला आडवे की उभे हे ठरवता येत नाही. 'दिवसा सगळे चॅनेल लागतात आणि रात्री अर्धे जातात' या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते आणि लोक मात्र डिश हलवत बसतात.

९० ते २६४ व्होल्ट चालणारा २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग प्रकारचा, अॅडॉप्टर हा यावरचा सरळ उपाय आहे. त्याचा उच्च वारंवारतेचा गोंगाट एलएम ३१७ पूर्णपणे गाळू शकत नाही, म्हणून मध्ये १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. मैदानात १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम करायचे असल्यास बूस्ट मॉड्यूलने २२ व्होल्ट करून मग रेग्युलेटरला द्यावेत. बूस्टचे आउटपुट थेट एलएनबीला दिले तर स्पेक्ट्रमवर नको ती शिंगे उगवतात.

हीटसिंक खरेच लागतो का?

लागतो, आणि तोही अपेक्षेच्या उलट बाजूसाठी. १८ व्होल्टवर रेग्युलेटर थंड राहतो, १३ वर तापतो. इनपुट २४ आणि आउटपुट १३.६ असेल तर उरलेले १०.४ व्होल्ट रेग्युलेटरच्या अंगावर पडतात. करंट २०० मिलिअँपिअर धरला तर दोन वॉटांहून थोडी अधिक उष्णता तयार होते. टीओ-२२० आकाराचा रेग्युलेटर उघडा ठेवला, तर दर वॉटमागे त्याच्या आतले तापमान सुमारे ५० अंशांनी चढते. म्हणजे शंभर अंशांची भर पडते. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात हवाच ४० अंश असते, तेव्हा आतले तापमान १२५ ची मर्यादा ओलांडून जाते. रेग्युलेटर जळत नाही, पण तो स्वतःला बंद करतो, थंड होतो आणि पुन्हा सुरू होतो. पडद्यावर हा प्रकार 'सिग्नल येतो-जातो' असा दिसतो. तळहाताच्या निम्म्या आकाराचा अॅल्युमिनियमचा पत्रा आणि थोडी पेस्ट एवढ्याने प्रश्न सुटतो. या रेग्युलेटरची पाठ आउटपुटला जोडलेली असते, त्यामुळे धातूच्या खोक्यावर तो बसवताना अभ्रकाचा तुकडा मध्ये घालावाच लागतो.

२२ किलोहर्ट्झचा टोन कशासाठी असतो आणि तो कसा चढवायचा?

युनिव्हर्सल एलएनबीमध्ये दोन स्थानिक आंदोलक, म्हणजे संकेताची वारंवारता खाली आणण्यासाठी लहर तयार करणारी सर्किटे, असतात: ९७५० मेगाहर्ट्झचा खालच्या पट्ट्यासाठी आणि १०६०० चा वरच्या पट्ट्यासाठी. केबलवर टोन नसेल तर पहिला चालतो, टोन आला की दुसरा. डीसीवर स्वार झालेला हा टोन शिखरापासून दरीपर्यंत सुमारे ०.६५ व्होल्टचा असावा, ०.४ ते ०.९ पर्यंत चालतो.

एलएम ३१७ मध्ये तो चढवण्याची सुबक पद्धत म्हणजे अॅडजस्ट पाय हलवणे, कारण आउटपुट त्या पायामागोमाग जाते. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पायापासून ०.१ मायक्रोफॅरड आणि १८ किलोओहम एकापाठोपाठ जोडून अॅडजस्ट पायाला द्यावेत. १८ व्होल्टच्या स्थितीत सुमारे ०.७७ आणि १३ च्या स्थितीत सुमारे ०.५८ व्होल्टचा टोन मिळतो. दोन्ही मर्यादेत बसतात. अर्डुइनो उनोच्या १६ मेगाहर्ट्झ घड्याळाला टायमरने ७२८ ने भागले की २१,९७८ हर्ट्झ मिळतात, आणि ते पुरेसे जवळ आहेत.

इथे बहुतेकांची एक चूक होते. एलएम ३१७ च्या नेहमीच्या सर्किटमध्ये अॅडजस्ट पायावर १० मायक्रोफॅरड आणि आउटपुटवर १०० मायक्रोफॅरड लावायचा सल्ला असतो. एरवी तो योग्यच आहे, पण इथे हे दोन्ही कपॅसिटर टोन गिळून टाकतात. २२ किलोहर्ट्झला १०० मायक्रोफॅरड म्हणजे एक दशांश ओहमपेक्षाही कमी, जवळजवळ शॉर्टच. म्हणून अॅडजस्ट पाय मोकळा ठेवावा आणि आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा मोठे काही लावू नये. तसेच ऑसिलोस्कोपवर टोन पाहायचा असेल तर एलएनबी जोडून पाहावा. हा रेग्युलेटर करंट ढकलू शकतो, ओढू शकत नाही, त्यामुळे लोड नसताना टोनची उतरती बाजू तिरकी दिसते आणि माणूस विनाकारण घाबरतो.

डायसेकचे स्विच आणि मोटर या युनिटवर चालतील का?

चालतील. युटेलसॅट या उपग्रह कंपनीने आणलेली डायसेक, म्हणजे केबलवरूनच स्विच व मोटरला आज्ञा देण्याची पद्धत, हाच टोन तुकड्यातुकड्यांनी पाठवते. प्रत्येक बिट दीड मिलिसेकंदाचा असतो: एक मिलिसेकंद टोन आणि अर्धा मिलिसेकंद शांतता म्हणजे शून्य, अर्धा टोन आणि एक शांतता म्हणजे एक. दर आठ बिटांनंतर विषम पॅरिटीचा (चूक ओळखण्यासाठीचा) नववा बिट येतो. चार बाइटांची आज्ञा ५४ मिलिसेकंदांत संपते.

चार एलएनबींच्या स्विचला पहिला पोर्ट, उभे पोलरायझेशन आणि खालचा पट्टा निवडायला सांगणारी आज्ञा सोळापाया (हेक्साडेसिमल) पद्धतीत 'ई० १० ३८ एफ०' अशी आहे. दुसऱ्या पोर्टसाठी शेवटचा बाइट 'एफ४', तिसऱ्यासाठी 'एफ८' आणि चौथ्यासाठी 'एफसी' होतो. क्रम असा पाळावा: आधी चालू टोन बंद करावा, मग व्होल्टेज ठरवावे, किमान १५ मिलिसेकंद शांत राहावे, आज्ञा पाठवावी, पुन्हा तेवढेच थांबावे आणि मगच हवा असल्यास सलग टोन सुरू करावा. स्विच ऐकत नाही म्हणून आलेल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये आज्ञा बरोबर असते, ही शांतता तेवढी राहून गेलेली असते.

मोटरसाठी पत्ता '३१' असतो, पूर्वेकडे चालण्याची आज्ञा '६८', पश्चिमेकडे '६९' आणि थांबण्याची '६०'. १८ व्होल्टवर मोटर जलद फिरते, म्हणून फिरवताना ती पातळी द्यावी.

एसडीआर जोडताना काय सांभाळावे?

केबल आणि एसडीआर यांच्यामध्ये बायस टी हवाच. त्यात डीसीला केबलकडे जाऊ देणारी कॉइल असते आणि डीसीला एसडीआरकडे जाऊ न देणारा १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असतो. काही एसडीआरमध्ये बायस टी आधीच असतो, पण तो साडेचार-पाच व्होल्टचा असतो आणि टीव्हीच्या एलएनबीला पुरत नाही. तो बंदच ठेवावा. घरी गुंडाळण्यापेक्षा तयार 'पॉवर इन्सर्टर' घेतला तर वेळ वाचतो, मात्र तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असल्याची खात्री करावी. केबल टीव्हीच्या कमी वारंवारतेचा घेऊ नये.

माझा एक एसडीआर माझ्याच चुकीने गेला. दोन रिसीव्हरना संकेत वाटून देण्यासाठी मी हाताला लागेल तो स्प्लिटर लावला. त्याच्या सर्व तोंडांतून डीसी जात होता आणि ते त्याच्या अंगावर लिहिलेलेही होते. एका तोंडातून घातलेले १८ व्होल्ट दुसऱ्या तोंडातून थेट एसडीआरच्या पोटात शिरले. तेव्हापासून कोणताही नवा स्प्लिटर मी आधी मल्टिमीटरने तपासतो. शिवाय १३ वरून १८ वर जाताना डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरमधूनही क्षणिक धक्का जातो. तो गिळण्यासाठी एसडीआरच्या बाजूला कमी कपॅसिटन्सच्या क्लॅम्प डायोडांची जोडी द्यावी.

करंट मोजायची सोय खरेच आवश्यक आहे का?

माझ्या मते या युनिटचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. व्होल्टेज तुमच्या खोक्यातले सांगते, करंट गच्चीवरचे सांगतो. शून्य दिसले तर केबल तुटली आहे, मर्यादेला टेकला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि नेहमीच्या आकड्याच्या आसपास असेल तर बिघाड दुसरीकडे शोधावा.

सोय करणे अगदी सोपे आहे. रेग्युलेटरच्या इनपुटच्या तारेत १ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर घालावा आणि मीटर २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून त्याच्या दोन टोकांना लावावा. १२० मिलिव्होल्ट म्हणजे १२० मिलिअँपिअर. रेझिस्टर इनपुटकडे असल्याने आउटपुटच्या व्होल्टेजवर त्याचा परिणाम होत नाही. त्यातले सुमारे ५ मिलिअँपिअर रेग्युलेटरच्या स्वतःच्या रेझिस्टरांत जातात, तेवढे वजा करावेत. आयएनए २१९ या करंट मोजणाऱ्या चिपचे मॉड्यूल वापरणाऱ्यांनी त्याची २६ व्होल्टची मर्यादा लक्षात ठेवावी. ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा लोड नसताना ती सहज ओलांडतो.

एका पावसाळ्यात माझ्या युनिटवरचा आकडा रोज थोडा वाढू लागला. कोरड्या दिवसांत ११२ असायचा, संततधारेत १२७ पर्यंत जायचा आणि दोन दिवस ऊन पडले की परत खाली यायचा. व्होल्टेज मात्र जागच्या जागी होते आणि संकेतही बरा होता. शेवटी गच्चीवर जाऊन एलएनबीचा एफ कनेक्टर उघडला, तर आत हिरवा कळकट थर जमला होता आणि मधली तार खाऊन निम्मी झाली होती. ओल्या कनेक्टरमधून डीसी वाहत असताना तांबे झिजतच जाते. आणखी महिनाभराने ती तुटलीच असती आणि मी दोष एलएनबीला दिला असता.

केबल किती लांब चालेल?

बाजारातील स्वस्त आरजी-६ केबलची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उच्च वारंवारतेला मुलामा पुरतो, कारण ती वाहते पृष्ठभागावरून. डीसी मात्र सगळ्या तारेतून जातो आणि त्याला पोलादाचा रोध भोवतो. अंदाज बांधण्यापेक्षा केबलचे एक टोक शॉर्ट करून दुसऱ्या टोकाकडून ओहम मोजावेत. ४ ओहम आले आणि एलएनबी १५० मिलिअँपिअर घेत असेल, तर ०.६ व्होल्ट वाटेत जातील, म्हणजे काळजी नाही. मोटर ४०० घेणार असेल तर तेच १.६ व्होल्ट होतात, आणि तिथे अस्सल तांब्याच्या तारेची केबल घ्यावी.

एलएनबीसाठीची तयार चिप का वापरू नये?

जरूर वापरावी. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एलएनबीएच २५ किंवा अॅलेग्रोची ए ८२९३ या चिप १२ व्होल्टपासून दोन्ही पातळ्या, टोन आणि शॉर्टपासून संरक्षण हे सारे देतात. सेट-टॉप बॉक्समध्ये असल्याच चिप असतात. अडचण एवढीच की त्यांचे पाय पोटाखाली असतात आणि हाताने सोल्डर करणे नवशिक्याला जमत नाही.

वीज आणि पावसापासून युनिट कसे वाचवायचे?

वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की केबल काढून ठेवणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. त्याखालोखाल डिशचा खांब इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने जोडावा. आउटपुटवर पी६केई २४ए हा टीव्हीएस (जादा व्होल्टेज शोषून घेणारा) डायोड लावावा. तो बायस टीमधल्या कॉइलच्या डीसीकडच्या बाजूला असावा, कारण केबलच्या बाजूला लावला तर त्याची कपॅसिटन्स संकेत खाऊन टाकते. शॉर्टसाठी ५०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) पुरे. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारा रबरी टेप गुंडाळावा आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

युनिट तयार झाल्यावर पहिल्यांदा कशावर तपासावे?

एलएनबी लगेच जोडू नये. १०० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर लोड म्हणून लावून दोन्ही पातळ्या, उष्णता आणि टोन पाहावा. त्यानंतर जुनी, गेली तरी दुःख होणार नाही अशी एलएनबी जोडावी.

खऱ्या संकेतासाठी कतारच्या एस्हेल-२ या उपग्रहावरचा क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा ट्रान्सपाँडर (संकेत घेऊन पुन्हा प्रसारित करणारे उपकरण) उत्तम आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेला हा उपग्रह २५.९ अंश पूर्वेला स्थिर आहे. पुण्याहून तो पश्चिमेच्या थोडा दक्षिणेकडे, उत्तरेपासून मोजल्यास सुमारे २५४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ३२ अंश उंच येतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ याच्या दुसऱ्या बाजूला, आग्नेयेला जवळपास ५९ अंश उंच असतो. क्यूओ-१०० च्या अरुंद पट्ट्यासाठी १३ व्होल्ट द्यावेत, टोन बंद ठेवावा आणि एसडीआर ७३९.५ ते ७४० मेगाहर्ट्झवर लावावा. मधला बीकन (सतत चालू असलेला खुणेचा संकेत) ७३९.७५ जवळ सापडतो. ऐकण्यासाठी डिश फिरवणे पुरते, प्रसारणासाठी मात्र हौशी रेडिओचा परवाना लागतो.

पीएलएल प्रकारची, म्हणजे क्रिस्टलने वारंवारता बांधून ठेवलेली, एलएनबी घ्यावी. तिच्यातील २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा ३९० पट गुणाकार होऊन ९७५० मिळतात, त्यामुळे क्रिस्टल एक हर्ट्झ सरकला की आवाज ३९० हर्ट्झ सरकतो. आत साधा लिनिअर रेग्युलेटर असलेली एलएनबी १३ वरून १८ वर नेली की अर्ध्या वॉटने अधिक तापते आणि काही मिनिटे सरकत राहते. म्हणून मोजमापाआधी अर्धा तास तिला एकाच पातळीवर राहू द्यावे.

उपग्रह सापडत नसेल तर सूर्य आहेच. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे ३ अंशांचा असतो आणि सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, त्यामुळे डिश स्थिर ठेवली तर दहा-बारा मिनिटांत गोंगाट चढून पुन्हा उतरताना दिसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डीटीएचचे चित्र दिवसा काही मिनिटे जाते, ते याच कारणाने. फक्त आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाची डिश सूर्याकडे रोखून ठेवू नये. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी वितळते.